दर दोन तासांनी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, पेनिसिलिन नव्हतं तेव्हा लढाईतल्या जखमा भरायच्या कशा, असं तुम्ही विचारलंत. फोनवर घाईत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून लिहिते.

पहिल्या महायुद्धात बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधली शेतं शेणखताची होती. तोफगोळ्याच्या तुकड्याबरोबर ती जंतूंनी भरलेली माती आणि गणवेशाच्या चिंध्या मांसात खोल जायच्या आणि गॅस गँग्रीन व्हायचं, म्हणजे मांस सडून त्यात वायू भरायचा. पाय फुगतो, घाण वास सुटतो, बोटाने दाबलं की कातडीखाली कुरकुर लागते.

त्यावर फ्रेंच सर्जन कॅरेल आणि इंग्रज रसायनतज्ज्ञ डाकिन यांनी १९१५च्या सुमारास एक पद्धत बसवली. सर्जन आधी मेलेलं मांस कापून काढत. ते राहिलं तर पुढचं सगळं वाया. मग जखमेच्या प्रत्येक कोपऱ्यात रबरी नळी जायची, टोक बांधलेलं, बाजूंना बारीक भोकं. वर टांगलेल्या बाटलीत हायपोक्लोराइट हे जंतुनाशक द्रावण, ०.४५ ते ०.५ टक्के. त्याहून कमी असेल तर जंतू मरत नाहीत, जास्त असेल तर कातडी भाजते. उजेडाने त्याचा जोर जातो, म्हणून ते ताजंच लागतं.

इथून पुढे सगळं नर्सच्या हातात. दर दोन तासांनी नळीवरचा चिमटा सोडायचा, काही क्षणांत बंद करायचा. रात्रीसुद्धा. जास्त सोडलं तर अंथरूण भिजतं, म्हणून जखमेभोवती व्हॅसलीन लावलेलं गॉज. एखादी नळी तुंबली आणि लक्षात आलं नाही, तर तेवढाच कोपरा आतून सडत राहतो.

खरी धास्ती रक्तस्रावाची. हे द्रावण मेलेलं मांस विरघळवतं, तशी रक्ताची गुठळीही. धमनी कधीही उघडू शकते. त्यामुळे टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला आवळायचा पट्टा, खाटेलाच अडकवलेलं असायचं. रात्री पांघरुणाखाली हात घालून ओल लागते का, ते बघत फिरायचं. जखमेतले जंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजत, आकडा सलग खाली राहिला की मगच टाके.

आई, तू या नर्सच्या धैर्याबद्दल म्हणालीस. मला ते या पाळ्यांतच दिसतं. पोटात गोळी लागलेल्याचं ऑपरेशन काही तासांत व्हावं लागतं आणि नंतर त्याला बरेच दिवस हलवता येत नाही. म्हणून १९१७ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ ब्रँडहूकला तंबूंची रुग्णालयं तोफांच्या टप्प्यातच उभारली. त्यातल्या एकाच्या प्रमुख सिस्टर होत्या केट लुअर्ड. शेजारच्या रुग्णालयातल्या नर्स नेली स्पिंडलर २१ ऑगस्टला तोफगोळ्याने गेल्या. वय २६. त्यानंतर ती जागा रिकामी करावी लागली. तोवर तिथलं काम गोळ्यांखालीच चाललं होतं, कारण पोटात गोळी लागलेल्यांना हलवता येत नव्हतं.

मस्टर्ड गॅस या विषारी वायूचं पुढच्या पत्रात लिहीन. त्यात जखमींच्या कपड्यांतून निघणाऱ्या वाफेने नर्सचेच डोळे आणि घसे जळायचे.

तुमची,
सई