मंद लॅपटॉप : आधी डिस्क बघा, मग दुकान

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे अपडेट बंद केले, तेव्हापासून तालुक्याच्या गावातल्या काउंटरवर दोन सल्ले मिळतात. एक, ‘हे आता भंगार, नवीन घ्या.’ दुसरा जुनाच आहे, ‘विंडो मारून देतो, पळायला लागेल,’ म्हणजे विंडोज पुसून नव्याने टाकणं. पहिल्यात सोयाबीनचे पैसे जातात. दुसऱ्यात काहीशे रुपये जातात, आठ-पंधरा दिवस बरं वाटतं आणि लॅपटॉप पुन्हा पूर्वीसारखा लटकतो. सेवा केंद्रवाले, शिक्षक, ग्रामपंचायतीचे ऑपरेटर आणि पॉलिटेक्निकची पोरं यांच्यासाठी हे पत्र आहे. त्यांच्याकडची बरीचशी यंत्रं २०१४ ते २०१९ या काळातली आहेत आणि त्यातली पुष्कळशी अजून तीन-चार वर्षं सहज काढतील.

लॅपटॉप मंद होण्याची कारणं मुख्यतः चार : डिस्क, मेमरी, उष्णता आणि प्रोसेसर. पहिल्या तिन्हींवर इलाज आहे, चौथ्यावर नाही. यातलं नेमकं कोणतं, हे घरीच कळतं. लॅपटॉप चालू करून दहा मिनिटं हात न लावता ठेवा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये जा.

डिस्क १०० टक्क्यांवर खिळलेली आणि खाली वाचनाचा वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबी, असं दिसलं तर रोग सापडला. लॅपटॉपमधली फिरती हार्डडिस्क साधारण मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हवा असलेला तुकडा वाचणाऱ्या मुंडीखाली यायला सरासरी अर्धा फेरा, शिवाय मुंडी जागेवर सरकायला दहा-बारा मिलिसेकंद. हिशेब केला तर सेकंदाला जेमतेम साठेक तुकडे हाती लागतात. विंडोज सुरू होताना, ब्राउझर उघडताना, अपडेट चालू असताना असे हजारो बारीक तुकडे लागतात. हीच डिस्क मोठा व्हिडिओ कॉपी करताना सेकंदाला शंभर एमबी देते, म्हणून ‘हार्डडिस्क तर चांगली आहे’ असं सांगणारा खोटं बोलत नसतो, चुकीची गोष्ट मोजत असतो. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नाही. तिथे साठच्या जागी हजारो तुकडे मिळतात. विंडो मारल्याने डिस्कचे फेरे वाढत नाहीत. अपडेट, अँटीव्हायरस आणि प्रिंटरचे प्रोग्राम परत आले की दुखणंही परत येतं.

मात्र एक फसगत होते. मेमरी ४ जीबी असेल तर विंडोजच त्यातली अडीच-तीन जीबी खाते. क्रोममध्ये चार टॅब उघडले की उरलेलं सामान डिस्कवर ठेवलं जातं, आणि टास्क मॅनेजरात डिस्क १०० टक्के दिसते. म्हणून डिस्कसोबत मेमरीचा आकडाही बघा. तो सतत ८५-९०च्या वर असेल तर दोन्ही बदलावं लागेल. मेमरीच्या त्याच पानावर खाली उजवीकडे ‘स्लॉट्स यूज्ड’ आणि ‘फॉर्म फॅक्टर’ या दोन ओळी असतात. तिथे ‘१ ऑफ २’ आणि ‘एसओडीआयएमएम’ लिहिलेलं असेल तर बहुधा एक खाच मोकळी आहे. ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलं असेल तर मेमरी बोर्डावरच डाग देऊन बसवलेली आहे. मोकळी खाच आहे का, ते झाकण उघडून किंवा मॉडेल नंबरावरून बघावं लागतं.

रॅम, म्हणजे हीच मेमरी, घेताना जात जुळली पाहिजे. इंटेल प्रोसेसरच्या चौथ्या-पाचव्या पिढीच्या लॅपटॉपना (पिढी कशी ओळखायची ते पुढे दिलं आहे) डीडीआर३एल लागते, १.३५ व्होल्टची. लेबलवर ‘पीसी३एल’ असतं. त्या ‘एल’कडे नीट लक्ष द्या. दीड व्होल्टची साधी डीडीआर३ खाचेत बसते, पण पाचव्या पिढीच्या यंत्रात पडदा काळाच राहण्याची शक्यता जास्त. सहाव्या पिढीत डीडीआर३एल आणि डीडीआर४ दोन्ही सापडतात, म्हणून आतली पट्टी काढून दुकानात सोबत न्या. नवी पट्टी तिरपी घालून मग खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या क्लिपा ‘टिक’ करून बसल्या पाहिजेत. पहिल्यांदा चालू करताना पडदा मिनिटभर काळा राहिला तर घाबरू नका. त्यानंतरही काही आलं नाही तर पट्टी काढा, सोनेरी पाय खोडरबराने हलके घासा, पुन्हा बसवा. अर्ज भरणं, एक्सेल, ऑनलाइन तास या कामांना एकूण ८ जीबी पुरते. सोळाचा आग्रह धरणाऱ्या दुकानदाराला कारण विचारा.

एसएसडी घेताना जुन्या हार्डडिस्कच्या जागी बसणारी अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची साटा (म्हणजे हार्डडिस्कच्याच जोडाची) एसएसडी मागा. २५६ जीबी भरपूर झाली. फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ जुन्या डिस्कवर राहू द्या. २०१७-१८नंतरच्या बऱ्याच मॉडेलांत एम.२ची छोटी खाच असते, पण तिच्यात साटा चालते की एनव्हीएमई (साटाहून वेगळी, वेगवान जात), हे मॉडेल नंबरावरून आधी पक्कं करा. पट्टी खाचेत बसली म्हणजे चालेलच असं नाही. हजार-पंधराशेत दोन टीबीची एसएसडी कुणी देत असेल तर आत छोटी चिप आणि खोटा आकडा असतो. एचटूटेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्राम ती पूर्ण भरून आणि परत वाचून खरं काय ते दाखवतो.

बदलण्याआधीची तयारी मात्र लोक विसरतात. पहिली गोष्ट मराठी फाँट. जुन्या ठराव-पुस्तिका, दाखल्यांचे नमुने, शाळेची पत्रकं श्रीलिपी, आयएसएम किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली असतात. नव्या विंडोजमध्ये फाँट नसेल तर ‘ग्रामसभा’ऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो, आणि फाइल बिघडली असं समजून लोक ती पुन्हा टाइप करत बसतात. फाइल शाबूत असते. ‘सी’ ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातलं ‘फाँट्स’ हे फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, टायपिंग सॉफ्टवेअरची सीडी किंवा डोंगल शोधून ठेवा. दुसरी गोष्ट, सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ हे डिस्कचं कुलूप चालू आहे का बघा. चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवा. ती नसताना जुनी डिस्क दुसऱ्या यंत्राला लावली तर कुलूप उघडत नाही, आणि तालुक्यातला कोणताही कारागीर ते उघडू शकत नाही. तिसरी, क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम चालवून जुन्या डिस्कची तब्येत बघा. ‘कॉशन’ असा पिवळा शेरा असेल आणि पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे तुकडे, वाढत असतील तर त्याच दिवशी फायली काढा. अशा डिस्कचं क्लोनिंग, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, अर्ध्यात अडकतं.

विंडोजच्या परवान्यासाठी वेगळे पैसे देऊ नका. कंपनीकडून विंडोज ८ किंवा १० घेऊन आलेल्या लॅपटॉपची की मदरबोर्डातच असते. तीच आवृत्ती नव्या एसएसडीवर टाकली, नेट जोडलं की ती आपोआप सक्रिय होते. उघडताना आधी चार्जर काढा, मग आतल्या बॅटरीचा जोड सोडवा, मग पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा. स्क्रू कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून त्याच जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर कीबोर्डाखालचं प्लास्टिक फुगतं किंवा बोर्डाला भोक पडतं, आणि मग दोष एसएसडीवर जातो.

आता आपल्याकडचा खास रोग. यवतमाळ, वर्धा, अकोल्याच्या पट्ट्यात जिनिंगच्या जवळ किंवा घरात कापूस साठवलेला असेल तर बारीक तंतू पंख्याच्या मागे जाळीवर नमद्यासारखे बसतात. बाहेरून काहीच दिसत नाही. वरून एप्रिल-मेमध्ये खोलीच ४३-४४ अंशांवर असते. प्रोसेसर ९५-१०० अंशांवर गेला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो, दोन गिगाहर्ट्झचा ०.८वर येतो. सकाळी बरा चालणारा लॅपटॉप दुपारी दोनला रडत असेल तर एसएसडीचा खर्च करण्याआधी हे साफ करा. बाहेरून ब्लोअर मारला तर तो नमदा आणखी आत दाबला जातो, आणि पंखा मोकळा फिरू दिला तर त्याची बेअरिंग जाते. झाकण काढून, पात्याला काडी अडवून, ब्रशने नमदा उचलावा लागतो. प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावा. वेचणी आणि जिनिंगचा हंगाम उरकल्यावर, उन्हाळा लागण्याआधी मार्चमध्ये हे काम केलेलं बरं. आणि कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका. झोताबरोबर खाऱ्या पाण्याचे कण उडत असतील तर चार्जिंगच्या खाचेत पांढरा थर धरतो.

वेग कमी राहण्याचं आणखी एक कारण चार्जर असतं. काही मॉडेलांत चार्जरच्या टोकामधली बारीक पिन लॅपटॉपला चार्जरची ओळख पटवते. स्वस्त डुप्लिकेट चार्जर ओळखला गेला नाही तर बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसरही हळू धावतो. लाइन गेल्यावर चार्जर बोर्डातून काढून ठेवा, परत आल्यावर पाच मिनिटांनी लावा. कूलर आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेंशनवर नकोत.

बॅटरीचा वेगाशी संबंध क्वचितच असतो, पण खर्चाच्या हिशेबात ती धरावी लागते. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ इंग्रजीत टाइप केलं की अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमतेच्या निम्म्याहून कमी उरली असेल तर बदल जवळ आला. टचपॅड वर उचललेलं दिसलं, झाकण नीट बसत नसेल तर बॅटरी फुगली आहे. त्याच क्षणी वापर बंद. तिला टोचू नका, जाळू नका.

मग सोडून कधी द्यायचं? सेलेरॉन एन४०२०, पेंटियम सिल्व्हर, एएमडीचे ई२ आणि ए४ या प्रोसेसरांवर एसएसडी टाकूनही वेब पान उघडताना प्रोसेसर १०० टक्के होतो; तिथे पैसा घालू नका. एन४०२० विंडोज ११ चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत आहे, पण यादीत असणं आणि पळणं वेगळं. ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी (डिस्कऐवजी साठवणीची चिप) बोर्डावर असेल आणि रॅमही बोर्डावर, तर हातात काही उरत नाही. बिजागरी तुटून पडद्याची केबल कापली गेली, शिवाय बॅटरीही गेली, तर बेरीज करा. रॅम आणि एसएसडीचे भाव अलीकडे चढले आहेत, म्हणून त्याच दिवशीचा भाव विचारा. एकूण खर्च त्याच मॉडेलच्या चालू स्थितीतल्या जुन्या लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की हात आखडता घ्या.

विंडोज ११ अधिकृतपणे चालण्याची रेघ साधारण इंटेलच्या आठव्या पिढीला आहे. आय५-८२५०यूमधला पहिला ८ ती पिढी सांगतो; आय३-५००५यू म्हणजे पाचवी. एएमडीमध्ये रायझेन ३००० मालिकेपासून काळजी नाही. रेघेच्या खालच्या यंत्राला घरगुती वापरासाठी विंडोज १०चे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहेत. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर त्याचे पैसे पडत नाहीत. त्यापुढे विद्यार्थ्याला विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम उत्तम. सेवा केंद्रवाल्यांनी मात्र आधी अंगठ्याच्या यंत्राचं आणि डिजिटल सहीच्या टोकनचं ड्रायव्हर लिनक्सवर मिळतं का ते बघावं; अंगठ्याच्या बहुतेक यंत्रांचं विंडोज आणि अँड्रॉइडपुरतंच असतं.

नवीनच घ्यायचं ठरलं तर कमी किमतीच्या नव्या सेलेरॉनपेक्षा नागपूरला सीताबर्डीच्या बाजारात किंवा अमरावतीत जुना कार्यालयीन लॅपटॉप शोधा : थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ५४९०, एलिटबुक ८४० जी५. तिन्ही साधारण २०१८चे, आठव्या पिढीत मिळणारे, रॅम-एसएसडी बदलता येणारे. ‘विंडोज ११ टाकलेलं आहे’ एवढ्यावर विश्वास नको. सातव्या पिढीवरही पळवाटेने ते टाकता येतं. प्रोसेसरचा नंबर स्वतः वाचा, बॅटरीचा अहवाल दुकानातच काढा, यूएसबीच्या आणि चार्जिंगच्या सगळ्या खाचा हलवून बघा, बायॉसला (विंडोजच्या आधी सुरू होणारा बोर्डावरचा प्रोग्राम) पासवर्ड नाही ना याची खात्री करा.

दुरुस्ती केली असेल तर बिलावर एसएसडीचा आणि रॅमचा सिरियल नंबर लिहून घ्या, नाहीतर वॉरंटी मागायला गेल्यावर ‘ही आमची नाहीच’ ऐकावं लागतं. आणि जुनी हार्डडिस्क मागून घ्या. तिच्यावर गावकऱ्यांचे आधार, बँक पासबुकं आणि सातबारे असतात. अडीच इंची यूएसबी डबीत घातली की तीच बॅकअपला कामी येते. खराब असेल तर हातोड्याने फोडून मगच ई-कचऱ्यात टाका.

आपला,
लॅपटॉप दुरुस्ती करणारा एक वाचक, जि. यवतमाळ