लॉजचा मेंबर होऊ काय म्हणतोस, त्यावर

बेळगाव

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. साहेब तुला लॉजचा, म्हणजे त्या फ्रीमेसन बंधुमंडळाच्या शाखेचा, मेंबर करून घेतो म्हणतोय आणि तू मला विचारतोस, 'जाऊ काय?' वहिनीला अजून सांगितलं नाहीस, हेही वाचलं. ते आधी सांग मर्दा.

फोर्टातला स्टर्लिंग टॉकीजजवळचा तो फ्रीमेसन्स हॉल मी बाहेरनं बघितलाय. आत जादूटोणा चालतो, भुतं नाचवतात असलं काही नाही. मूळ सगळं दगड घडवणाऱ्या गवंड्यांचं. १७१७ साली लंडनच्या चार लॉजेसनी एकत्र येऊन ग्रँड लॉज काढली, तोवर गवंडीकाम मागं पडून नुसती हत्यारं खुणा म्हणून राहिली होती. गुण्या लॉजच्या प्रमुखाचा, ओळंबा खालच्या अधिकाऱ्याचा. आपल्या गल्लीतल्या गवंड्याकडं दोन्ही आहेत, खरं त्याला कोण लॉजच्या प्रमुखासारखं 'वर्शिपफुल मास्टर' म्हणत नाही. उलट पगाराच्या दिवशी घासाघीस करतात.

आपल्याकडं हे आलं गोऱ्यांबरोबर. पलटणींच्या फिरत्या लॉजसुद्धा असत, छावणी हलली की लॉज हलली. आपल्या माणसांना मात्र दार सुखासुखी उघडलं नाही. माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईत घेईनात, म्हणून त्यांनी पॅरिसला दीक्षा घेतली. पुढं १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' काढली आणि हिंदी माणसं आत आली. भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज तर १९६१ ची. तेव्हा 'हे इंग्रजांचं' म्हणून नाक मुरडायचं कारण उरलेलं नाही.

आणखी एक. कलकत्त्याच्या 'अँकर अँड होप' लॉजमध्ये १८८४ साली नरेंद्रनाथ दत्तांनी, म्हणजे पुढच्या स्वामी विवेकानंदांनी, दीक्षा घेतली होती. तेच १८९२ च्या ऑक्टोबरात संन्यासी होऊन बेळगावात आले. आधी आपल्या रिसालदार गल्लीत भाट्यांच्या घरी राहिले, मग किल्ल्यात हरिपद मित्रांकडं. गल्लीनं त्यांना काय विचारून घेतलं नव्हतं, कोण ओळखीचा मेंबर आहे काय म्हणून. पाहुणा आला, पान वाढलं.

तिथं नव्या माणसासाठी मतदान होतं, पांढऱ्या आणि काळ्या गोळ्यांनी. कुणी काळी टाकली, कळत नाही. हे मला पटत नाही. आपल्या पंचमंडळींत कुणाची कुणाशी खुन्नस आहे हे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक. भांडण देवळासमोर होतं, आणि त्याच माणसाच्या घरी लग्न निघालं की देवळामागच्या खोलीतनं गल्लीची भांडी जातात: ते मोठे हंडे, कडेवर ठिपक्याठिपक्यांनी गल्लीचं नाव घातलेले, एकाचा कान तुटून तारेनं बांधलेला. वहीत सही करायची, घासून परत आणायचं. ह्याला कुणी बंधुत्व म्हटलेलं मी ऐकलं नाही.

त्यांचा एक नियम मात्र मला आवडला. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यावर वाद घालायचा नाही. देव मानणारा हवा, मग देव कुठला का असेना. शपथ ज्यानं त्यानं आपापल्या धर्मग्रंथावर घ्यायची. आपल्या कट्ट्यावर सीमाप्रश्न न काढता दहा मिनिटं बसून दाखव म्हणावं कुणी! चहा यायच्या आत महाजन आयोग निघतो. बायकांना आत घेत नाहीत, हे तुला ठाऊक असेलच. वहिनी काय म्हणेल, ते मी लिहीत नाही.

तर जा, बाळू. चार चांगली माणसं भेटतील, दानधर्मही करतात ते. खरं वर्गणी किती ते आधी विचार, आणि आपल्या गल्लीची तुझी दोन वर्षांची थकलेली पाठवून दे. वैशाख शुद्ध द्वितीयेला शिवजयंती, चित्ररथाचं काम पंचांनी ह्या वेळी माझ्या गळ्यात घातलंय. मिरवणूक उजाडेपर्यंत चालते, तुला माहीत आहे. दोन दिवसांची रजा काढून ये, जनरेटरजवळ भरवशाचा माणूस लागतो.

आणि तुझ्या नावावर काळी गोळी पडली तर लगेच कळव. गल्लीभर सांगायला मला विषय होईल.

तुझा,
दादू