कुंडीतल्या चिवळीबद्दल

मनू बेटा,

तुह्या बाल्कनीतल्या कुंडीचा फोटो पाहिला. "बाबा, ही चिवळच ना, तोडून खाऊ का" असं विचारून राहिली, तर थांब जराशी, चिवळ ही खायची रानभाजी खरी, पण फोटोवरून मी हो म्हणणार नाही. आधी एक काडी तोड. दुधासारखा पांढरा चीक आला तर थे दुधी नावाचं तण आहे, फेकून दे. चिवळीतून नुसतं पाणी निघते. पानं पाह्य, बारीक, टोकदार अन् बोटानं दाबली की रसाळ लागतात, दांडी लालसर, पेरापेराला पांढरे केस आणि जमिनीला टेकलं की तिथंच मूळ. पान चमच्यासारखं गोल असेल तर थे घोळ, तीही चालते, पण आंबट असते अन् सकाळी तोडली तर जास्तच. कारण पाणी कमी पडलं की घोळ रात्री हवा आत घेऊन तिचं आम्ल करून ठेवते अन् दिवसभर उन्हात थे वापरत राह्यते. (मास्तरकी सुटली तरी सवय सुटत नाही.)

इकडं पारा 45 वर आहे, वांगी माना टाकून उभी, पालकाचं तर नावच नको. पण नळाखालच्या ओलीत अन् कांद्याच्या वाफ्यात चिवळ अशी पसरली की पाय कुठं ठेवावा. तुही आई सकाळी उन्हं चढायच्या आत टोपलं भरून आणते, मग दोघं ओसरीत निवडत बसतो, तासभर जाते, मान मोडते. मुळं खुडायची, गवत काढायचं, पाच पाण्यांनी धुवायची तरी शेवटच्या पाण्यात माती असतेच. अन् एवढं टोपलं शिजलं की वाटीभर! तेलात लसूण, लाल मिरची, कांदा, भिजवलेली मुगाची डाळ, वरून चिवळ, झाकण नाही ठेवायचं, शेवटी मूठभर ज्वारीचं पीठ पेरायचं. भाकरीसोबत खा अन् वर कच्चा कांदा. तेल कमी टाकशील तर मजा नाही, हे आईचं म्हणणं, अन् या बाबतीत मी तिच्याशी वाद घालत नाही.

घातला होता एकदा. तू बारावीत होती तेव्हा निंदायला बाया भेटत नव्हत्या म्हणून कपाशीतून उरलेलं तणनाशक मी वाडीत मारलं. आठ दिवसांत सगळं पिवळं. आईनं काही म्हटलं नाही, टोपलं घेऊन गेली, रिकामं घेऊन आली अन् पालथं घालून ठेवलं. त्या उन्हाळ्यात बेसनच खाल्लं रोज. म्हणून सांगतो, रस्त्याच्या कडेची नाहीतर फवारलेल्या बागेतली कधी घेऊ नको, कुंडीतली बरी. अन् जावईबापूंना मुतखडा झाला होता ना, त्यांना घोळ-चिवळ देऊच नको, खडा करणारं ऑक्झलेट असते तिच्यात, डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.

काडीचं पाहून झालं की फुलाचा फोटो पाठव. चिवळीला पिवळ्या 4 पाकळ्या, घोळीला बहुतेक 5. ऊन चांगलं पडल्यावर काढ, सकाळी मिटलेलं राह्यते. अन् चिवळच निघाली तर मुळासकट उपटू नको, कात्रीनं वरून काप, पंधरा दिवसांत पुन्हा फुटते.

बाबा