पस्तिशी उलटलेल्यांनाही उमेदवारी करू द्या : कौशल्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र शासन

सप्रेम नमस्कार.

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ मध्ये वयाची खालची अट आहे, वरची नाही. चौदा वर्षं पूर्ण झालेली, आणि धोकादायक उद्योगात अठरा पूर्ण झालेली कुणीही व्यक्ती उमेदवारी करू शकते, म्हणजे विद्यावेतन घेऊन प्रत्यक्ष कामावर काम शिकू शकते. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने मी बेचाळिसाव्या वर्षी एसी मेकॅनिकचं काम शिकायला पात्र आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात मी जिथे जिथे विचारलं, तिथल्या हिशेबाने मात्र नाही. कायदा हो म्हणतो आणि गेटवरचा माणूस नाही म्हणतो, हे कशामुळे होतं ते मला बऱ्यापैकी कळलं आहे. त्यातला काही भाग आपल्या खात्याच्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

मी कळव्यात राहते. बी.कॉम. झाल्यापासून ऐरोली-महापेच्या बॅक ऑफिसांत विमा दाव्यांची कागदपत्रं तपासली. ते काम आता सॉफ्टवेअर करतं, आणि खरं सांगायचं तर बरं करतं. त्याबद्दल गाऱ्हाणं नाही. दुसऱ्या ऑफिसात तसलंच काम धरलं तर दोन-तीन वर्षांनी पुन्हा हेच होणार, एवढं समजायला फार हुशारी लागत नाही. म्हणून हाताचं काम शिकायचं ठरवलं.

त्यातही एसी आणि रेफ्रिजरेशनच का, ते आमच्याकडे फिरलं की दिसतं. घोडबंदर रोडच्या टॉवरांना खिडकीगणिक आउटडोअर युनिट लटकलेलं आहे. टीटीसी एमआयडीसीत, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात, जुन्या केमिकल कंपन्यांच्या शेजारी डेटा सेंटरं उभी राहिली आहेत, आणि तिथे चिलर, म्हणजे गारवा देणारं मोठं यंत्र, एक तास बंद पडून चालत नाही. तुर्भ्याला एपीएमसीच्या आसपास कोल्ड स्टोरेज आहेत. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. आणि एप्रिल-मे मध्ये मेकॅनिकला फोन करून बघा, तो "परवा येतो" म्हणतो आणि आठवड्याने उगवतो.

शिवाय हे काम पूर्वीसारखं नुसतं 'गॅस भरून द्या' राहिलेलं नाही. जुन्या यंत्रांतला आर-२२ हा वायू ओझोनच्या थराला घातक म्हणून २०३० पर्यंत हद्दपार व्हायचा आहे. त्याच्या जागी आलेला आर-३२ थोडासा ज्वलनशील आहे. काही यंत्रांत आर-२९० असतो, तो तर सरळ प्रोपेन. यंत्रावरची पट्टी न वाचता, पाइपातली हवा ओढून व्हॅक्युम नीट न काढता, लाइनमध्ये वायू असताना कुणी ब्रेझिंगचा, म्हणजे पाइपचे सांधे तापवून जोडायचा, टॉर्च पेटवला तर काय होईल ते मी सांगायला नको. केंद्राच्या २०१९ च्या शीतलीकरण कृती आराखड्यातसुद्धा एक लाख सर्व्हिस तंत्रज्ञांना प्रशिक्षण द्यायचं उद्दिष्ट होतं, ते उगीच नव्हे. ज्या बाईने आयुष्यभर बारीक अक्षरातल्या अटी वाचल्या, तिला पट्टी वाचायचा कंटाळा येणार नाही, एवढं मी स्वतःबद्दल म्हणू शकते.

आता शिकायचं कुठे? पोरांना एक जुनी वाट आहे. कुणा मिस्त्रीच्या हाताखाली लागायचं. आधी नुसती बॅग उचलायची, शिडी धरायची, फिल्टर धुवायचे. मग कॉपर पाइप वाकवायचा, जोडणीसाठी त्याचं तोंड पसरवायचं (फ्लेअरिंग). दोन-तीन सीझन गेले की वायूचा दाब मोजायचा मॅनिफोल्ड गेज हातात मिळतो आणि मग एक दिवस पोरगा स्वतःची बाइक घेऊन वेगळा होतो. आपल्या शहरांतले निम्मे मेकॅनिक याच वाटेने आले असावेत, असं माझं आपलं निरीक्षण.

ही वाट मला बंद आहे. बाई म्हणून आहे आणि वयामुळेही आहे. एका मिस्त्रीने स्पष्ट सांगितलं, "ताई, अकराव्या मजल्यावर ग्रिलबाहेर तुम्हाला पाठवू आणि काही झालं तर मी काय करू?" दुसऱ्याने विचारलं, "मुलगा आहे ना तुम्हाला? त्याला पाठवा." दोघांचाही मला राग आला नाही. पहिल्याचं म्हणणं तर रास्तच होतं. त्याच्याकडे कामगाराचा विमा नाही, सेफ्टी बेल्ट असला तर एखादा, आणि अपघात झाला तर त्याचं दुकान बसेल. (त्याच्या हेल्परच्या बाबतीत हा प्रश्न त्याला पडत नाही, हे वेगळं.) माझ्या बरोबर नोकरी गेलेल्या पुरुषांचंही फार वेगळं नाही. पंचेचाळिशीच्या माणसाला "पाना आण" म्हणून कसं सांगायचं, याचा अठ्ठावीस वर्षांच्या मिस्त्रीलाच संकोच होतो. तोही सरळ सांगत नाही, नुसतं "बघतो, कळवतो" म्हणतो.

म्हणूनच आमच्यासारख्यांना रीतसर उमेदवारी पोरांपेक्षा जास्त गरजेची आहे. करारावर सही झाली की विद्यावेतन ठरतं, काय शिकवायचं ते ठरतं, सुरक्षेचे नियम लागू होतात आणि अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणे दुखापतीच्या भरपाईची जबाबदारी मालकावर येते. त्या मिस्त्रीच्या प्रश्नाचं उत्तर कायद्याने १९६१ सालीच देऊन ठेवलं आहे.

अडतं ते योजनेत. २०१६ साली आलेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार देतं. ही मदत १४ ते ३५ या वयोगटापुरती आहे. रबाळ्याच्या एका कंपनीत एचआरच्या मुलीने माझा अर्ज नीट वाचला, चहा दिला आणि म्हणाली, "मॅडम, तुम्हाला घेतलं तर आम्हाला सरकारचा हिस्सा मिळत नाही. आणि वर विचारतील की एवढी पोरं असताना यांना का घेतलं?" दीड हजार रुपयांसाठी एवढी मोठी कंपनी अडेल असं मला वाटत नाही. पण ३५ हा आकडा एकदा योजनेच्या कागदावर आला की तो कंपनीच्या जाहिरातीत येतो, मग ऑनलाइन फॉर्ममध्ये येतो, आणि मग तो कायदाच आहे असं सगळे धरून चालतात. सरकारने सवलतीसाठी आखलेली रेघ गेटवर येईपर्यंत बंदी झालेली असते.

राज्याच्या योजनाही त्याच रेघेवर थांबतात. २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना १८ ते ३५ वयासाठी आहे, शिक्षणाप्रमाणे ६ ते १० हजार विद्यावेतन. नावातच 'युवा' आहे, तेव्हा तक्रार करायला जागा नाही. मध्य रेल्वेच्या शिकाऊ उमेदवारांच्या भरतीत तर सर्वसाधारण मर्यादा १५ ते २४ आहे. कळव्याची कारशेड माझ्या घराजवळ आहे, पण तिथला विचार मी कधीच सोडला.

गंमत अशी की, मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत वयाची मर्यादा २१ ते ६५ आहे आणि रक्कम महिन्याला तेवढीच, १,५०० रुपये. म्हणजे कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर राज्याची तिजोरी बेचाळीस वर्षांच्या बाईला घरी बसून दीड हजार देऊ शकते. तीच बाई स्पॅनर धरायला शिकते म्हणाली की त्याच दीड हजारांना वय आडवं येतं. त्या योजनेला माझा विरोध नाही. माझ्या शेजारणींची त्यावर महिन्याची किराणा-भाजी भागते. पण दोन्ही कागद शेजारी ठेवून कुणीतरी एकदा वाचावेत.

तरुणांना आधी संधी हवी, हे मान्य. पण पस्तिशीवरच्याला उमेदवार म्हणून घेतलं तर तरुणाची जागा जाते, हे मला पटत नाही. ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. बहुतेकांची झेप अडीचच्या पुढे जात नसावी, नाहीतर एवढ्या पोरांना घरी बसावं लागलं नसतं. पंधरा टक्क्यांपर्यंत भरपूर जागा शिल्लक आहे. आणि बेचाळिसाव्या वर्षी शिकलेली बाई साठीपर्यंत अठरा वर्षं काम करते. विद्यावेतनावर केलेला खर्च एवढ्या वर्षांत वसूल होत नाही का?

आता थोडं एसीच्या धंद्याबद्दल, कारण इथे खरी मेख आहे. मोठ्या ब्रँडचं नाव टी-शर्टवर असलं तरी आपल्या घरी येणारा माणूस सहसा त्या ब्रँडचा नोकर नसतो. तो एखाद्या सर्व्हिस डीलरचा असतो. नौपाड्यात गाळा, बाहेर दोन स्कूटर, सात-आठ माणसं. चार ते एकोणतीस कर्मचारी असलेल्यांना शिकाऊ उमेदवार घेणं ऐच्छिक आहे, आणि यांच्यापैकी कुणाला सरकारच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर नोंदणी, करार, मासिक हजेरी, बँक खात्याची जोडणी हे करायला सवड नाही. एका डीलरला मी म्हटलं, कागद मी भरून देते, मला तेवढंच येतं. तो हसला. म्हणाला, "भराल हो, पण तपासणीला कोणी आलं तर उत्तरं कोण देणार?" जिथे काम खरोखर शिकायला मिळतं ती दुकानं अशी व्यवस्थेच्या बाहेर राहतात, आणि व्यवस्थेत असलेल्या मोठ्या कंपनीत उमेदवार कधी कधी वर्षभर स्टोअरमधल्या नोंदी करत बसतो.

आयटीआयला वयाची वरची अट नाही, हे मला ठाऊक आहे. वागळे इस्टेटच्या आयटीआयत मी जाऊनही आले. पण दोन वर्षांचा दिवसाचा वर्ग आणि ऐंशी टक्के हजेरी, हे घर चालवणाऱ्या माणसाला झेपत नाही. ८ ऑक्टोबर २०२५ ला, विमानतळाच्या उद्घाटनाच्याच दिवशी, पंतप्रधानांच्या हस्ते आपल्या खात्याचा अल्पकालीन रोजगारक्षमता कार्यक्रम सुरू झाला. शासकीय आयटीआय आणि तांत्रिक विद्यालयांत २,५०० नव्या तुकड्या, त्यातल्या ३६४ फक्त महिलांसाठी. हे चांगलं पाऊल आहे आणि ते मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. पण ब्रेझिंगचा सांधा धरला की सुटला हे थोड्या दिवसांच्या वर्गात हाताला कळत नाही. त्यासाठी कुणीतरी शेजारी उभं राहून "टॉर्च लांब धर" म्हणावं लागतं, आणि ते ऑगस्टपासून मेपर्यंत म्हणावं लागतं. वर्ग संपल्यावर पुढच्या दारावर पुन्हा ३५ लिहिलेलं असेल तर हातात राहील ते प्रमाणपत्र.

२०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्या जर्मनीत प्रौढांनी धंदा बदलण्यासाठी वेगळी व्यवस्था आहे. त्यांचा अभ्यासक्रम साधारण एक तृतीयांश कमी करतात आणि पात्र लोकांचा खर्च तिथलं रोजगार कार्यालय उचलतं. मोठ्या माणसाला वेळेवर येणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, बिल करणं शिकवावं लागत नाही, हे त्यांनी गृहीत धरलं आहे. आपण तिथे माणसं पाठवतोच आहोत, तर तिथून एवढं आणायला हरकत नसावी.

तेव्हा मागणं असं. ३५ वर्षांवरच्या उमेदवारांसाठी ते १,५०० रुपये राज्याने स्वतःच्या तिजोरीतून द्यावेत. हजार उमेदवारांचा वर्षाचा खर्च एक कोटी ऐंशी लाख होतो. सुरुवातीला फक्त ठाणे जिल्हा घ्या, आणि वीजतंत्री, तारतंत्री, नळ कारागीर, एसी-रेफ्रिजरेशन एवढेच व्यवसाय घ्या. जाहिरातीत कायद्यात नसलेली वयाची अट घालू नये, असं एक परिपत्रक आस्थापनांना जाऊ द्या. त्याला तर पैसेही लागत नाहीत. छोट्या सर्व्हिस डीलरांची कागदपत्रं आणि हजेरी आयटीआयतल्या मूलभूत प्रशिक्षण केंद्राने किंवा टिसा, ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन अशा संघटनांनी एकत्र सांभाळावी. मालकाने फक्त शिकवावं. आणि आपल्या अल्पकालीन वर्गातल्या महिलांच्या तुकड्यांना वर्ग संपताच करारावर घेणारी दुकानं आधी ठरवून ठेवावीत, नंतर शोधू नयेत.

विद्यावेतनाबद्दल मी मुद्दाम जास्त लिहीत नाही. २०१९ च्या नियमांत ते किमान ५ ते ९ हजार होतं, २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ३६ टक्के वाढ सुचवली. वाढलं तर हवंच आहे. पण तोपर्यंत कमी पैशांतही शिकायला तयार असलेली माणसं या जिल्ह्यात आहेत. संध्याकाळी शिकवण्या घेऊन, डबे करून ती वर्ष काढतील. मीही काढेन. तो हिशेब आम्ही घरी बसून मांडलेला आहे.

केंद्राच्या योजनेतली ३५ ची रेघ हलवायची तर दिल्लीला लिहावं लागेल, त्याला वेळ जाईल. राज्याच्या दीड हजारांना मात्र मंत्रालयातला एक शासन निर्णय पुरतो. येत्या अर्थसंकल्पाच्या आधी त्याचा मसुदा झाला, तर पुढच्या ऑगस्टच्या तुकडीत आम्हाला जागा मिळू शकेल.

आपली,
कळवा येथील एक इच्छुक उमेदवार
(वय वर्षे ४२)