ऐनवेळचे विषय

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, इथे काही घडतच नाही. सकाळी दाखले, दुपारी पावत्या, संध्याकाळी फाइली." 'कर निर्धारण व प्रशासकीय सेवा' या लांबलचक नावाच्या संवर्गात तुझी निवड झाली, तेव्हा आईने ते नाव तीनदा विचारून पाठ केलं होतं, शेजारी सांगता यावं म्हणून. आणि आता हातात आले ते शिक्के. मी फोनवर नुसता हसलो. आई शेजारीच बसली होती, तिला वाटलं असतं तू नोकरी सोडायला निघालीस. म्हणून हे पत्र. 31 वर्षं नगरपरिषदेत कारकुनी केली, दुसऱ्यांचं बोलणं लिहून काढलं, स्वतःचं लिहायचा सराव नाही. सांभाळून घे.

घटनेच्या बाराव्या अनुसूचीतले 18 विषय तू परीक्षेसाठी घोकलेस, तेव्हा पुस्तक धरून मीच बसलो होतो. नगररचनेपासून सुरुवात आणि कत्तलखाने, कातडी कमावण्याचे कारखाने इथे शेवट. मध्ये स्मशानं, कोंडवाडे, जन्म-मृत्यूच्या नोंदी, दिवाबत्ती. त्यात एकही विषय असा नाही की ज्यावर कोणी पोवाडा रचेल. आणि आमची नगरपरिषद 'क' वर्गातली, म्हणजे 40 हजार वस्तीच्या आतली. तिथे एका माणसाकडे तीन टेबलं. आधी वसुली, मग जन्म-मृत्यू, शेवटची 14 वर्षं सभा लिपिक. मध्येच कोणी रजेवर गेलं की त्याचाही चार्ज माझ्याकडे.

सभेचा अजेंडा मी काढायचो. विषय क्रमांक 1 ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ते कधी वाचलं जात नसे, कायम मात्र दर वेळी होई. एका मार्चमधली सभा मला अजून स्पष्ट आठवते. विषय 24. त्यातल्या एका चौकाला कोणाचं नाव द्यायचं यावर पावणेदोन तास गेले. टेबलं बडवून झाली, एक जण सभात्याग करून बाहेर गेला आणि चहाच्या वेळेला परत आला. चहा झाल्यावर सगळ्यांना घरची आठवण झाली आणि विषय 9 ते 20 एका दमात उरकले. मी विषय वाचायचा, समोरून "मंजूर" यायचं. त्यात अकरावा होता: पाणीपुरवठा विभागासाठी वर्षभराची टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) खरेदी करणेबाबत. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. एक मिनिटही लागलं नाही. मार्चअखेर होती, तरतूद वाया जाऊ नये म्हणून वर्षाचा सगळा माल एकदम घेतला.

जुलैत पाणीपुरवठ्याचा लिपिक आजारी पडला आणि चार्ज माझ्याकडे आला. पहाटे साडेपाचला व्हॉल्वमनबरोबर फिरायचं, प्रत्येक झोनच्या शेवटच्या नळाचं पाणी घ्यायचं आणि ओटी टेस्ट करायची. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळं झालं पाहिजे. पिवळं झालं म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. शेवटच्या नळालाही लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम उरलेला असावा, असं मानक आहे. त्या दिवशी गल्लीच्या टोकाच्या घरी, पागोळ्यांखाली उभं राहून थेंब टाकले. पाणी होतं तसंच राहिलं, स्वच्छ, काचेसारखं. ती घरातली बाई म्हणाली, "बघा, किती छान पाणी येतंय." व्हॉल्वमन मात्र माझ्या तोंडाकडे बघत होता. "भाऊसाहेब, पिवळं नाही आलं." दुसऱ्या नळावर केलं, तिसऱ्यावर केलं. नाहीच.

तिथून तडक जलकुंभाखालच्या खोलीत गेलो. पोती ओल धरलेल्या भिंतीला लावून रचलेली. चांगल्या टीसीएलचं पोतं उघडलं की नाक झोंबतं, डोळ्यांत पाणी येतं. या पोत्यात मी जवळजवळ तोंड घातलं, तरी काही नाही. आत चुन्यासारखे ओलसर गोळे. ही पावडर उन्हाळ्याच्या उष्म्यात आणि दमटपणात साठवली की तिच्यातला क्लोरीन हळूहळू निघून जातो, हे व्हॉल्वमनला ठाऊक होतं. त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्याच आठवड्यात त्या गल्लीत जुलाबाचे रोगी निघाले. गटाराशेजारी पाइप फुटलेला सापडला. कोणी दगावलं नाही, हे नशीब.

चौकशी झाली. कागद सगळे चोख निघाले. ठराव होता, दरपत्रकं होती, साठा नोंदवहीत नोंद होती, पोती मोजली तर बरोबर भरली. पावडर मेली होती, एवढंच. "सगळी एकदम कशाला, तीन-तीन महिन्यांनी घेऊ," एवढं त्या सभेत कोणीतरी म्हणायला हवं होतं. नगरसेवकांना मी का नावं ठेवू? टिप्पणी मीच टाइप केली होती आणि मीही शेवटच्या बसकडे डोळे लावून बसलो होतो. त्या दिवशीही काही घडलं नव्हतं, मुक्ता. चौकाच्या भांडणाची बातमी तेवढी पेपरात आली होती.

दुसरी गोष्ट तुझ्या आईलाही मी पुरती सांगितलेली नाही.

अजेंड्याच्या तळाशी एक ओळ असते, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. ओळ गरजेचीच आहे. रात्री मोटर जळते, पूर येतो, त्यासाठी कोणी पंधरा दिवस थांबत नाही. पण सगळे जण गाडी आत घालायला बघतात ते याच फटीतून. एकदा सभा संपल्यावर मला हळूच सांगण्यात आलं, "प्रोसिडिंगमध्ये शेवटी अर्धं पान कोरं ठेव." मी ठेवलं. का ठेवलं, याचं धड उत्तर माझ्याकडे आजही नाही. नाही म्हणायची सवय नव्हती, बस. आठ दिवसांनी त्या अर्ध्या पानावर माझ्याच अक्षरात एक ठराव उतरला: बाजाराशेजारची पालिकेची मोकळी जागा एकाला भाड्याने देण्याचा. सभेत त्या जागेचा कोणी उच्चारही केला नव्हता.

दोघा सदस्यांनी तक्रार केली. 1965 च्या अधिनियमातलं कलम 308 तू शिकली आहेस. जिल्हाधिकाऱ्यांनी ते वापरून ठरावाची अंमलबजावणी स्थगित केली आणि मला कारणे दाखवा नोटीस आली. ज्यांनी सांगितलं त्यांची कुठेच सही नव्हती, अक्षर माझं होतं. एक वेतनवाढ रोखली गेली. सातवीत असताना तुझी सहल चुकली होती, "यंदा जमत नाही गं" असं मी म्हटलं होतं, आठवतं? ते हेच वर्ष.

तेव्हापासून लिहिलेल्याखाली कोरी जागा उरली की मी तिरकी रेघ मारतो. इतिवृत्तात मारायचो, अर्जावर मारतो, किराण्याच्या यादीखालीही मारतो. त्यावरून तुम्ही दोघी मला हसता, ते खुशाल हसा. पण तुझ्यासमोर सहीला येणाऱ्या प्रत्येक कागदाची खालची बाजू आधी बघ.

इतिवृत्ताचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. महात्मा फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. 1880 साली व्हाइसरॉय लिटन पुण्याला यायचा होता, त्याच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा विषय सभेपुढे आला. फुल्यांचं म्हणणं, हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा. विरोधात मत पडलं ते त्यांचं एकट्याचं. खर्च अर्थातच मंजूर झाला. ही हकीकत सांगताना लोक फुल्यांच्या धैर्याविषयी बोलतात, आणि ते बरोबरच आहे. मला मात्र हटकून आठवतो तो त्या सभेचा कारकून. सगळे एका बाजूला, एक माणूस दुसऱ्या बाजूला. अशा वेळी 'सर्वानुमते' लिहून मोकळं व्हायचा मोह किती होतो, हे मला विचार. माझ्या हातूनही तसं झालं आहे. एक म्हातारे सदस्य दर सभेला दिवाबत्तीच्या बिलावर हरकत घ्यायचे आणि मी दर वेळी 'चर्चेअंती सर्वानुमते' लिहायचो. ते निवृत्त झाल्यावर मी जुनी वही चाळली. नऊ वर्षांत त्यांचं एक वाक्यही त्यात नव्हतं.

तुझ्या टेबलाबद्दल थोडं. 1999 पर्यंत आमच्याकडे जकात होती, नाक्यावर रोजचा रोख गल्ला यायचा. ती गेली, बदल्यात सरकारी अनुदान आलं, आणि ते लांबलं की पगारही लांबायला लागले. स्वतःची म्हणावी अशी कमाई उरली ती घरपट्टी आणि पाणीपट्टी. त्यामुळे वसुलीच्या टेबलावर बसणारा सगळ्यांचा लाडका, असं तुला वाटेल. तसं काही नसतं. थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, वर्षाचे 24 होतात, आणि समोरचा माणूस म्हणतो, "यापेक्षा सावकार बरा." त्याला उलट बोलू नकोस, त्याचा हिशेब चुकीचा नाही. बिल त्याच्याकडे फिरवून एकेक ओळ दाखव. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर आपण फक्त गोळा करतो, ते राज्य सरकारकडे जातात, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. एवढं ऐकून माणूस भरतोच असं नाही, पण आवाज खाली येतो.

आणि जन्म-मृत्यूचा चार्ज आला तर कंटाळू नकोस. 21 दिवसांत नोंद झाली तर कोणाला काही कळतही नाही. वर्ष उलटून गेलेलं प्रकरण आलं की मग बघ, त्या बापाच्या चपला झिजतात.

बरं, आता घरचं. आपल्या घराला चतुर्थ वार्षिक आकारणीची, म्हणजे दर चार वर्षांनी घरपट्टी नव्याने ठरवतात त्याची, नोटीस आली आहे. गच्चीवरची पत्र्याची शेड, जिथे आईच्या कुंड्या आहेत, ती त्यांनी निवासी खोली म्हणून धरली आणि लांबीही वाढवून लावली आहे. मी हरकत दिली, मंगळवारी सुनावणी आहे. तिथला लिपिक माझ्याच हाताखाली तयार झालेला. आई म्हणते, एक फोन टाका, काम होईल. मी टाकणार नाही, कारण टाकला तरी तो उचलणार नाही. निवृत्त कर्मचाऱ्यांचे फोन सुनावणीच्या आठवड्यात घ्यायचे नाहीत, हे त्याला मीच शिकवलं आहे.

त्याआधी शेड एकदा नीट मोजून घ्यायची आहे. शनिवारी येणार असशील तर टेपचं दुसरं टोक तू धर. आई धरते, पण दर वेळी अर्धा फूट आत धरते आणि म्हणते, एवढीच तर आहे.

तुझा,
बाबा