उपद्रव शुल्क मी भरले : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

पुणे, १९ जानेवारी २०२६

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

कोथरूडमध्ये राहणारी मी एक निवृत्त शिक्षिका आपल्याला दुसऱ्यांदा पत्र लिहीत आहे. पहिले पत्र मी गेल्या फेब्रुवारीत टपालाने पाठवले होते आणि आपल्या कार्यालयाने त्याला उत्तर दिले होते, याबद्दल आधी आभार मानते. आपल्या खात्याच्या नदीकाठच्या एका शिबिरस्थळावर दिवाळीपूर्वी रात्रपाळीचे दोन रक्षक नेमले जातील, मद्य आणि ध्वनिक्षेपक यांना पूर्ण मज्जाव असेल आणि 'पर्यटकांना निसर्गाचा निखळ अनुभव मिळेल', असे त्या उत्तरात स्वच्छ शब्दांत लिहिले होते. परवा शनिवारी त्याच भरवशावर मी मुलगी आणि आठ वर्षांचा नातू यांना घेऊन तिथे मुक्कामाला गेले. आज नातवाच्या उजव्या तळपायाला सहा टाके आहेत, म्हणून हे दुसरे पत्र मी पाकिटात बंद न करता सर्वांसमोर लिहीत आहे.

स्थळाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिले, तर कारवाईची कुऱ्हाड सर्वांत आधी चौकीवरच्या त्या रोजंदारीच्या मुलावर पडेल, ज्याने रात्री अकरा वाजता स्वतःची गोधडी आम्हाला आणून दिली. पुण्यापासून अडीच तासांवर, वन्यजीवांसाठी 'संवर्धन राखीव' म्हणून घोषित झालेल्या जंगलात नदी जिथे वळण घेते, तिथे तंबूंची रांग आहे, एवढे सांगितले तरी आपल्या खात्याला ओळख पटावी. पवना धरणाच्या काठी खासगी तंबूंमध्ये गाण्यांच्या दणदणाटात रात्र काढायची नव्हती, म्हणूनच तर आम्ही सरकारी जागा निवडली होती. शनिवार ही पौष अमावास्येची आदली रात्र होती. पुण्याच्या आकाशात मृगाचे जेमतेम तीन तारे दिसतात, त्यामुळे व्याध, रोहिणी आणि कृत्तिका कुठे शोधायच्या, हे माझ्या नातवाने आठवडाभर आधी वहीत काढून ठेवले होते.

प्रवेशद्वारावर तंबूचे अठराशे रुपये आणि शिवाय माणशी पन्नास रुपये 'उपद्रव शुल्क' घेतले गेले. मी एकतीस वर्षे मराठी शिकवले आहे. उपद्रव होऊ नये म्हणून घेतलेले शुल्क, असा त्या शब्दाचा अर्थ मी इतके दिवस लावत आले होते. पण हा सरळसरळ चतुर्थी तत्पुरुष निघाला : उपद्रवासाठी शुल्क. दीडशे रुपयांत आम्हाला तो पुरेपूर मिळाला.

रात्री आठ वाजता तीन मोठ्या गाड्या थेट नदीच्या वाळूपर्यंत आल्या. उतरलेल्या मंडळींच्या केसांत महापालिकेच्या निकालाचा गुलाल अजून तसाच होता. कोणत्या पक्षाचा, ते विचारण्याचे धाडस मला झाले नाही आणि त्याने काही फरकही पडला नसता. गाडीतून कपाटाएवढे दोन स्पीकर उतरले, जनरेटर सुरू झाला आणि जांभळ्या दिव्यांच्या माळा वाळुंजाच्या झाडांवर चढल्या. शेकोटीसाठी करंजाच्या ओल्या फांद्या तोडून आणल्या गेल्या, त्यामुळे आग कमी आणि धूर जास्त अशी ती शेकोटी पहाटे तीनपर्यंत धुमसत राहिली. मागच्या खेपेला तिथल्याच एका उंबरावरून मत्स्यघुबडाचा घुमणारा आवाज आम्ही ऐकला होता. हा पक्षी हिवाळ्यातच घरटे करतो. परवा तो कुठे गेला असेल, ते मला ठाऊक नाही, पण त्याच्याकडून कोणी शुल्क घेतले नव्हते एवढे खरे.

दहा वाजता मी काठी टेकत चौकीवर गेले. गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन मला सात महिने झाले आहेत आणि चौकीपर्यंतच्या पायऱ्यांना कठडा नाही, पण माझ्या गुडघ्याबद्दल मी इथे बोलणार नाही. चौकीवरचा मुलगा म्हणाला, "आजी, मी दोनदा सांगून आलो. ते म्हणतात, तुझ्या साहेबांना फोन लावू का? मी काय करू, सांगा." त्याचे साहेब रजेवर होते. हेल्पलाइनचा क्रमांक पाटीवर होता, मात्र त्या खोऱ्यात फोनला रेंज नव्हती. पाटीविषयी एक सांगायलाच हवे. तिच्यावर आपले छायाचित्र पुरुषभर उंचीचे आहे आणि नियमांचा टाइप इतका बारीक आहे की विजेरी आणि चष्मा दोन्ही लावूनही मला तो वाचता आला नाही. 'निसर्ग' या शब्दावरचा रफार 'स'वर बसला आहे, तेही जाता जाता दुरुस्त करून घ्यावे.

रविवारी सकाळी सगळे निजले होते आणि नदी पहिल्यांदाच ऐकू येत होती. तिथल्या कातळात पाण्याने कोरलेले रांजणखळगे आहेत. एका गुडघाभर खोल खळग्यात मासे दिसले, म्हणून नातवाने पाय सोडला. फुटलेल्या बाटलीचे बूड वाळूत रुतले होते आणि कडा वर होत्या. स्वच्छ पाण्यात काच दिसत नाही, मंत्रिमहोदय. आधी रक्ताची तांबूस रेघ पाण्यात लांबत गेली आणि मग ती कुठून निघते ते शोधताना काच दिसली. चौकीतल्या प्रथमोपचार पेटीला कुलूप होते आणि किल्ली रजेवर गेलेल्या साहेबांकडे होती. माझ्या साडीचा पदर फाडून पाय बांधला. वाटेतल्या पहिल्या दवाखान्यात रविवारमुळे डॉक्टर नव्हते, त्यामुळे टाके पडले ते पुण्यात, साडेबाराला. टाके घालताना पोरगा रडला नाही. व्याध दिसलाच नाही, म्हणून मात्र तो गाडीत वारजेपर्यंत हुंदके देत होता. माझा रक्तदाब त्या दिवशी १८० वर गेला होता आणि मुलगी माझ्याशी अजून धड बोलत नाही, कारण 'सरकारी आहे, सुरक्षित असेल' हे वाक्य माझे होते.

आता कायद्याविषयी. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा आहे आणि २००२ च्या दुरुस्तीने त्यात संवर्धन राखीव ही तरतूद आली. अभयारण्यात जंगलाला धोका होईल अशी आग पेटवू नये, हे कलम ३० आणि तिथे कचरा टाकू नये, हे कलम २७ मधले पोटकलम, दोन्ही संवर्धन राखीव क्षेत्रालाही लागू आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून आहे आणि त्यासाठी जंगलही लागत नाही, तो सदाशिव पेठेतही लागू आहे. याच अधिनियमात अशा क्षेत्रासाठी व्यवस्थापन समिती सांगितली आहे, जिच्यात परिसरातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी आणि वन्यजीव संवर्धनात काम करणाऱ्या संस्थांचे तीन प्रतिनिधी असावे लागतात. मी गावातल्या चहावाल्यापासून माजी सरपंचांपर्यंत चौघांना विचारले. अशी समिती आहे, हेच त्यांच्यापैकी कोणाला माहीत नव्हते.

पैसे नाहीत, असे कृपया सांगू नका. मी चौतीस तंबू मोजले. तंबूमागे अठराशे धरले, तर एका रात्रीचे एकसष्ट हजार होतात आणि हंगामातल्या सत्तर रात्री धरल्या तर रक्कम चाळीस लाखांच्या पुढे जाते. हा हिशेब मी रात्री झोप येत नव्हती म्हणून केला आहे, तो चुकला असेल तर आपण ताळेबंदच प्रसिद्ध करावा. काठावर चाळीस पावलांत मला सत्तावन्न बाटल्या सापडल्या, म्हणजे दोन किलोमीटरच्या काठावर साडेचार हजार. जावई म्हणतात की असा गुणाकार करता येत नाही, कारण बाटल्या तंबूंजवळच जास्त असतात. बरे, निम्म्या धरा. चाळीस लाखांत एक कुलूप नसलेली प्रथमोपचार पेटी येत नाही का?

खरे तर मला आता भांडण एका शिबिरस्थळाशी राहिलेले नाही. आपल्याकडे नदीकाठी नियम जागे होतात ते माणसे गेल्यावर. जून २०२४ मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, १५ जून २०२५ ला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा पूल कोसळून चौघे दगावले. दोन्ही वेळा नंतरच्या दिवसांत बंदीचे आदेश, पाट्या आणि पाहणी दौरे यांचा पूर आला आणि पाऊस सरताच तोही ओसरला. पुण्यात नदीकाठ विकासाच्या नावाने मुळा-मुठेच्या चव्वेचाळीस किलोमीटर काठांना आपण दगडी साज चढवत आहात. जंगलातल्या काठाला जांभळ्या दिव्यांच्या माळा चढल्या आहेत. नदीचा काठ म्हणजे कोणासाठी तरी मोकळा पडलेला भूखंड, ही समजूत दोन्हीकडे एकच आहे. शिवाय नियम मोडणाऱ्याला कोणाचा तरी फोन लागतो आणि नियम पाळून घेणाऱ्याला रेंजसुद्धा मिळत नाही, ही व्यवस्था कोणत्या शासन निर्णयाने आली, ते एकदा कळावे.

मागण्या फार नाहीत. गाड्या फाटकाबाहेर थांबाव्यात, काचेच्या बाटल्या आणि स्पीकर फाटकावर जमा व्हावेत, रात्री अधिकार असलेला माणूस आणि चालणारा बिनतारी संच चौकीवर असावा, आणि त्या रोजंदारीच्या मुलाला नियमित नेमणूक मिळावी, कारण तिथे नोकरी केली ती त्याने एकट्यानेच. हे जमत नसेल, तर पाटीवरचा 'संवर्धन' हा शब्द तेवढा खरवडून काढावा. रंगाचा खर्च मी देईन.

आपल्या कार्यालयाचे गेल्या वर्षीचे उत्तर, उपद्रव शुल्काची पावती आणि नातवाच्या पायातून निघालेला काचेचा तुकडा, धुऊन आणि कापसात गुंडाळून, आज नोंदणीकृत टपालाने वेगळा पाठवत आहे. पाकीट उघडताना आपल्या लिपिकांनी हात सांभाळावा. तिन्ही वस्तूंची पोच आवक क्रमांकासह मिळावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
कोथरूड, पुणे