श्रावणात हौद रिकामा करू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल रात्री फोनवर बाबा म्हणाले, की पोहण्याच्या हौदाचे पाणी आठ दिवसांपासून हिरवे आहे, क्लोरीनच्या गोळ्या घालूनही फरक पडत नाही, तेव्हा येत्या सोमवारी मोटर लावून सगळे पाणी उपसून टाकायचे आणि तळ घासून घ्यायचा. फोनवर घाईघाईत मी नुसतेच 'थांबा' म्हटले. त्यामागचे कारण नीट पटावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बाबा, परसातल्या विहिरीचे पाणी जमिनीपासून तीन फुटांवर आले आहे, हे तुम्हीच मला कौतुकाने सांगितले होते. आपल्या हौदाचा तळ सर्वांत खोल बाजूला साडेपाच फुटांवर आहे. याचा अर्थ हौदाचा खालचा भाग सध्या सर्व बाजूंनी पाण्याने भरलेल्या मातीत उभा आहे, आणि आतले पाणी त्याला आपल्या वजनाने दाबून धरते, म्हणूनच तो जागेवर आहे. विहिरीत रिकामी घागर सोडली तर ती तरंगते आणि भरली की बुडते. येथेही तोच हिशेब आहे. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी एक मीटर तीस सेंटीमीटर खोल म्हणजे सुमारे ४२,००० लिटर पाणी, अर्थात बेचाळीस टनांचे ओझे. ते तुम्ही एका दिवसात काढून घेतले, तर खालून येणाऱ्या दाबाने तळाची फरशी फुगेल, भिंतीला तडे जातील, आणि वेळ वाईट असेल तर हौदच वर उचलला जाईल. असा दाब सोडणारी झडप काही हौदांच्या तळाला बसवलेली असते; आपल्याकडे ती आहे की नाही, हे बांधणाऱ्या ठेकेदारालाही सांगता आले नव्हते. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात राहून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे आणि ४३ फुटांच्या धोका पातळीकडे आपण रोज डोळे लावून बसतो. हौदासाठी आपली विहीर हाच बंधारा समजा. तळ घासायचाच असेल, तर विहीर खोल गेल्यावर, एप्रिलमध्ये घासू.

आता हिरवेपणाकडे वळते. पाणी तपासण्याच्या किटमध्ये क्लोरीन दोन पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दोन भाग, दिसते आणि तरीही शेवाळ वाढते, हे तुम्हाला खोटे वाटले, पण किट खोटे बोलत नाही. आपण गेली दीड-दोन वर्षे ज्या पांढऱ्या गोळ्या वापरतो, त्यांत क्लोरीनबरोबर सायन्युरिक आम्लही असते, ज्याला दुकानदार स्टॅबिलायझर म्हणतात. उन्हात क्लोरीन काही तासांत उडून जाते, ते या आम्लामुळे टिकते. म्हणून वैशाखात ते उपकारक आहे. मात्र क्लोरीन खर्च होते आणि आम्ल पाण्यातच साचत राहते. गोळ्यांतून दहा पीपीएम क्लोरीन गेले, की सहा पीपीएम आम्ल मागे उरते. ते तीस ते पन्नासच्या दरम्यान असावे. फार वाढले, की क्लोरीन त्याच्याशी बांधले जाऊन मंद होते. किटवर आकडा दिसतो, पण शेवाळ मरत नाही. त्यात पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे ते दाखवणारा आकडा, वाढलेला असेल तर क्लोरीन आणखी दुबळे होते, कारण साडेसातला त्यातले जवळपास निम्मे कामाचे असते आणि आठला जेमतेम पाव. आईचे डोळे चुरचुरतात आणि वास येतो म्हणून क्लोरीन जास्त झाले, असे तुम्ही समजलात. तो वास बहुधा घाम व मळाशी संयोग होऊन निकामी झालेल्या क्लोरीनचा असतो, म्हणजे क्लोरीन कमी पडत असल्याचा.

साचलेले आम्ल कमी करण्यास पाणी बदलण्यावाचून उपाय नाही. येथे तुमची सूचना अर्धी बरोबर आहे. मात्र एका वेळी वीतभरच पाणी काढा, म्हणजे हौदातील पातळी विहिरीच्या पातळीच्या वरच राहील, आणि पाऊस किंवा नळ यांनी ते पुन्हा भरून घ्या. वीतभर म्हणजे सुमारे सहावा हिस्सा. असे दोनदा केले, की आम्ल जवळपास तीस टक्क्यांनी उतरेल. गोळ्या आजपासून पूर्ण बंद करा.

आणि कृपया एक गोष्ट आजच करा. पंपाच्या खोलीत टीसीएलचे (ब्लीचिंग पावडरचे) पोते, गोळ्यांचा डबा आणि पीएच उतरवायच्या आम्लाचा कॅन शेजारी-शेजारी ठेवलेले मी मागच्या वेळी पाहिले होते. तिन्ही वेगवेगळ्या कोरड्या जागी हलवा. टीसीएल आणि गोळ्या एकमेकांत मिसळल्या तर पेट घेतात किंवा स्फोट होतो, आणि आम्ल यांपैकी कशावरही सांडले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. मोजायचे भांडेही एकच नको. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. पोते दमट झाले असेल तर ते हाताळू नका, मी आल्यावर बघेन.

तोवर भिंती रोज ब्रशने घासा आणि पंप रात्रंदिवस चालू ठेवा. वाळूच्या फिल्टरवरचा दाब स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा आठ-दहा पीएसआय चढला, की बॅकवॉश करा, म्हणजे पाणी उलटे सोडून वाळू धुवा, आणि पंप बंद केल्याशिवाय झडपेची मूठ फिरवू नका. मागचा गॅस्केट त्याच घाईने गेला होता.

बाबा, विहिरीत आम्ही काही घालत नव्हतो आणि पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो, हे तुमचे म्हणणे खरे आहे. पण विहिरीला झरे होते आणि मासे-बेडूक किड्यांचा समाचार घेत होते. हौद साचलेल्या पाण्याचा आहे, त्याची राखण आपल्यालाच करावी लागते.

शनिवारी मी सकाळच्या गाडीने निघते. सायन्युरिक आम्ल मोजण्याची नळी आणते. तिच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत पाणी ओतायचे असते, ते आईने करावे, तिची नजर तुमच्यापेक्षा चांगली आहे. मोजमाप झाल्यावर पीएच ७.२ ला आणू आणि मग संध्याकाळी द्रवरूप हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ क्लोरीन) देऊ. आपल्या हौदाला दहा पीपीएमसाठी दहा टक्क्यांचा चार लिटरहून थोडा जास्त लागतो, आणि सायन्युरिक आम्ल जास्त निघाले तर त्याच्या दुप्पटही. शेवाळ मेले की पाणी दुधट होईल. मग तुरटी फिरवून, पंप बंद ठेवून रात्रभर गाळ बसू द्यायचा आणि सकाळी तो फिल्टरमधून न नेता थेट बाहेर ओढून टाकायचा. तळाची जाळी स्पष्ट दिसेपर्यंत कोणीही पाण्यात उतरू नये, बाबांनीही नाही.

आई, माझ्यासाठी तांबडा रस्सा आटवून ठेवू नकोस, श्रावण आहे हे माझ्या लक्षात आहे. मोटरवाल्याला मात्र सोमवारी येऊ नको म्हणून आजच कळव.

तुमची,
ताई